परिचर्या सेतु-अभ्यासक्रम

व्यावहारिक परिचारिका म्हणून परवाना मिळालेल्या व्यक्तीस नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी महाविद्यालयात जो संक्षेपित अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, त्यास परिचर्या सेतु-अभ्यासक्रम म्हणतात. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाला. पूर्वीचे शिक्षण व अनुभव जमेस धरून आधी शिकलेले पुन्हा शिकण्याची आवश्यकता टाळणे आणि त्याच वेळी वरच्या श्रेणीस लागणारे शास्त्रीय ज्ञान व निर्णयक्षमता यांत उणीव राहू न देणे, असा त्याचा दुहेरी उद्देश असतो. हे दोन उद्देश पुष्कळदा परस्परविरोधी ठरतात. त्यांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नातूनच या अभ्यासक्रमाची रचना घडत गेली आहे.

दोन श्रेणी : संयुक्त संस्थानांत परवानाधारक परिचारिकांच्या दोन प्रमुख श्रेणी आहेत. ‘लायसेन्स्ड प्रॅक्टिकल नर्स’ या श्रेणीचे शिक्षण साधारणतः एक वर्षाचे असते. टेक्सस व कॅलिफोर्निया या राज्यांत हिलाच ‘व्होकेशनल नर्स’ असे नाव आहे. ‘रजिस्टर्ड नर्स’ ही दुसरी श्रेणी. तिच्यासाठी दोन ते तीन वर्षांची सहयोगी पदवी, रुग्णालयीन पदविका किंवा चार वर्षांची स्नातक पदवी आवश्यक असते. दोन्ही श्रेणींत स्त्रिया बहुसंख्य असल्या, तरी पुरुष परिचारकही असतात.

रुग्णाच्या खाटेजवळ पाहणाऱ्यास दोघींच्या कामात फारसा भेद दिसत नाही. दोघीही तापमान, नाडी व रक्तदाब मोजतात, औषधे देतात, जखमा बांधतात व नोंदी ठेवतात. खरा भेद जबाबदारीच्या स्वरूपात आहे. व्यावहारिक परिचारिका नोंदणीकृत परिचारिकेच्या किंवा वैद्याच्या देखरेखीखाली काम करते. निरीक्षणे गोळा करणे व ती योग्य ठिकाणी कळविणे हे तिचे कर्तव्य होय. रुग्णाचे सर्वांगीण प्राथमिक मूल्यांकन करणे, निरीक्षणांचा अर्थ लावणे, परिचर्येची योजना आखणे, रुग्णास व कुटुंबियांस शिक्षण देणे आणि इतरांवर कामे सोपवून त्यांवर देखरेख ठेवणे ही नोंदणीकृत परिचारिकेची कामे होत. शिरेतून थेट औषध टोचणे, रक्ताधान करणे इत्यादींबाबतचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. व्यावहारिक परिचारिकांना सर्वाधिक नोकऱ्या वृद्ध व दीर्घकालीन रुग्णांच्या निवासी शुश्रूषाकेंद्रांत मिळतात. तेथे त्यांच्यावर अनेकदा मोठा भार असतो. परंतु पद व वेतन यांबाबत त्यांना नोंदणीकृत परिचारिकांची बरोबरी करता येत नाही.

इतिहास : परिचारिकांच्या नोंदणीचा संयुक्त संस्थानांतील पहिला कायदा नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९०३ मध्ये केला. व्यावहारिक परिचारिकांसाठी पहिला कायदा १९१४ मध्ये मिसिसिपी राज्यात झाला. मोबदला घेऊन परिचर्या करणाऱ्या सर्वांना परवाना सक्तीचा करणारा आणि दोन श्रेणी मान्य करणारा कायदा न्यूयॉर्क राज्याने १९३८ मध्ये संमत केला. दुसऱ्या महायुद्धात नोंदणीकृत परिचारिकांची मोठी टंचाई निर्माण झाली. तेव्हा अल्पकालीन शिक्षण घेतलेल्या व्यावहारिक परिचारिकांची संख्या झपाट्याने वाढली.

त्या काळी नोंदणीकृत परिचारिकांचे बहुतेक शिक्षण रुग्णालयांच्या शाळांतून होत असे. विद्यार्थिनींच्या श्रमावर रुग्णालय चालवावयाचे आणि उरलेल्या वेळात शिकवावयाचे, अशी तेथील रीत होती. समाजशास्त्रज्ञ एस्थर ल्यूसिल ब्राउन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात परिचर्येचे शिक्षण महाविद्यालये व विद्यापीठे यांत नेण्याची शिफारस केली. मिल्ड्रेड माँटॅग यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये सादर केलेल्या प्रबंधात दोन वर्षांच्या महाविद्यालयीन परिचर्या-अभ्यासक्रमाची कल्पना मांडली आणि १९५२ मध्ये काही कनिष्ठ व सामुदायिक महाविद्यालयांत तिचा प्रयोग सुरू झाला. स्नातक परिचारिकेच्या मार्गदर्शनाखाली काम करणारी तंत्रज्ञ परिचारिका तयार व्हावी, ही माँटॅग यांची मूळ कल्पना. प्रत्यक्षात मात्र या अभ्यासक्रमाच्या पदवीधरांना नोंदणीकृत परिचारिकांच्याच परीक्षेस बसता येऊ लागले.

या घटनेचा व्यावहारिक परिचारिकांवर दूरगामी परिणाम झाला. सामुदायिक महाविद्यालय घराजवळ असे, त्याचे शुल्क कमी असे आणि तेथे प्रौढ विद्यार्थ्यांस प्रवेश मिळे. त्यामुळे कमावत्या व संसारी स्त्रीला नोंदणीकृत परिचारिका होण्याची वाट प्रथमच मोकळी झाली. तथापि प्रारंभी बहुतेक ठिकाणी तिचे आधीचे शिक्षण विचारात घेतले जात नसे; दहा वर्षे रुग्णसेवा केलेल्या परिचारिकेसही खाट कशी आवरावी या पाठापासून सुरुवात करावी लागे. १९६० नंतरच्या दशकात ‘व्यवसायाची शिडी’ ही कल्पना पुढे आली आणि १९७० च्या सुमारास नॅशनल लीग फॉर नर्सिंग या संस्थेने खुल्या अभ्यासक्रमाच्या तत्त्वास पाठिंबा दिला. कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रमाण नोंदणीकृत परिचारिकांपेक्षा व्यावहारिक परिचारिकांत अधिक असल्यामुळे या प्रश्नास सामाजिक न्यायाचीही बाजू होती. सेतु-अभ्यासक्रम या विचारमंथनातून रूढ झाले.

प्रवेश व पूर्वाभ्यास : प्रवेशासाठी चालू परवाना अत्यावश्यक असतो, अनेक महाविद्यालये काही महिन्यांच्या प्रत्यक्ष कामाचा अनुभवही मागतात. परिचर्येचे विषय सुरू होण्यापूर्वी किंवा त्यांच्या जोडीने सामान्य शिक्षणाचे व मूलभूत विज्ञानाचे विषय पूर्ण करावे लागतात. शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाविज्ञान (दोन सत्रे, प्रयोगशाळेसह), सूक्ष्मजीवशास्त्र, इंग्रजी निबंधलेखन, सामान्य मानसशास्त्र, मानवी विकासाचे मानसशास्त्र आणि गणित किंवा संख्याशास्त्र हे त्यांतील प्रमुख विषय होत. काही ठिकाणी रसायनशास्त्र व समाजशास्त्रही असते. विज्ञानविषयांस सामान्यतः प्रत्येकी चार व इतर विषयांस तीन श्रेयांक दिले जातात. सहयोगी पदवीसाठी एकूण साठ ते सत्तरच्या आसपास श्रेयांक लागतात.

व्यावहारिक परिचारिकेने शरीररचनेचा काही भाग पूर्वी शिकलेला असतो. परंतु तो व्यवसायशाळेच्या पातळीवरचा असल्यामुळे महाविद्यालये बहुधा तो मान्य करीत नाहीत. या नियमाविषयी विद्यार्थिनींची तक्रार असते. तरी त्यामागे सबळ कारण आहे. मूत्रपिंडे शरीरात कोठे असतात एवढे ठाऊक असणे निराळे आणि त्यांचे कार्य मंदावल्यास रक्तातील पोटॅशियम का वाढते व त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर काय परिणाम होतो हे उमगणे निराळे. पुढील सर्व परिचर्या-विषय या दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानावर उभे असतात.

श्रेयांकांचा प्रश्न : पूर्वज्ञानास श्रेयांक देण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिलीत परवाना हाच पुरावा मानून प्राथमिक परिचर्येचे एक किंवा दोन सत्रांचे विषय माफ करतात. दुसरीत लेखी परीक्षा व कौशल्यांची प्रत्यक्ष चाचणी घेऊन पात्रता ठरवितात. तिसरी पद्धत ‘राखीव श्रेयांकां’ची असून तीत माफ केलेल्या विषयांचे श्रेयांक तात्पुरते राखून ठेवतात, संक्रमण-पाठ्यक्रम यशस्वी रीत्या पूर्ण झाल्यावरच ते विद्यार्थिनीच्या गुणपत्रकावर चढवितात. या सवलतींमुळे नियमित विद्यार्थ्यास परिचर्येच्या विषयांसाठी लागणारी चार सत्रे दोन किंवा तीन सत्रांवर येऊ शकतात. पूर्वाभ्यासाचा काळ मात्र त्यात धरलेला नसतो. ‘एका वर्षात नोंदणीकृत परिचारिका’ अशा जाहिराती वाचून प्रवेश घेणाऱ्यांची पुष्कळदा येथेच निराशा होते.

संक्रमण-पाठ्यक्रम : सेतु-अभ्यासक्रमाचा गाभा म्हणजे आरंभीचा संक्रमण-पाठ्यक्रम होय. त्यात परिचर्या-प्रक्रियेच्या पाच पायऱ्या शिकवितात : मूल्यांकन, परिचर्या-निदान, नियोजन, कार्यवाही व परिणामांची पडताळणी. शारीरिक तपासणी, औषधांच्या मात्रांचे गणित, परिचर्येसंबंधीचे कायदे व नीतितत्त्वे यांचाही त्यात अंतर्भाव असतो. मात्रांच्या गणितात पुष्कळ ठिकाणी नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक गुणांची अट असते. उदा., ५०० मिलि. द्रावात २५,००० एकक हेपारीन असून रुग्णास ताशी १,००० एकक द्यावयाचे असल्यास द्रावाचा वेग किती ठेवावा? प्रत्येक मिलि. मध्ये ५० एकक असल्याने उत्तर ताशी २० मिलि. येते. दशांशचिन्हाची एक चूक झाली, तर रुग्णास दहापट औषध जाऊन जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून या विषयात ‘उत्तीर्ण होण्यापुरते’ ज्ञान ग्राह्य धरीत नाहीत.

संक्रमणाची मानसिक बाजूही महत्त्वाची आहे. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या विकासाच्या पाच अवस्था वर्णिल्या : नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, निपुण व तज्ज्ञ. कोणतीही अनुभवी परिचारिका अपरिचित क्षेत्रात गेली, की ती पुन्हा नवशिकी ठरू शकते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्या कामात निष्णात असलेल्या व्यावहारिक परिचारिकेस हा अनुभव अवघड जातो. हाताला वळण पडलेले असते. परंतु ‘असे का करावयाचे?’ या प्रश्नास ‘आमच्याकडे असेच करतात’ हे उत्तर आता चालत नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीत काही चुकीच्या पद्धतीही मुरलेल्या असतात. त्या सोडविणे हे नवे शिकविण्यापेक्षा कठीण, असा अध्यापकांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

मुख्य अभ्यासक्रम : यापुढील सत्रांत चिकित्साविषयक व शल्यकर्मविषयक प्रगत परिचर्या, माता व नवजात अर्भक यांची परिचर्या, बालरोग परिचर्या, मनोविकार परिचर्या, औषधिक्रियाविज्ञान आणि नेतृत्व व व्यवस्थापन हे विषय असतात. वर्गातील पंधरा तासांस एक श्रेयांक दिला जातो. रुग्णालयातील कामास मात्र अनेक महाविद्यालयांत पंचेचाळीस तासांस एक श्रेयांक मिळतो. त्यामुळे कागदावर थोडा दिसणारा अभ्यासक्रम प्रत्यक्षात आठवड्याचे अनेक दिवस व्यापतो.

या शिक्षणाने विचारपद्धतीत कोणता बदल अपेक्षित आहे, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. हृदयविफलतेच्या रुग्णास डिजॉक्सिन हे औषध द्यावयाचे आहे. व्यावहारिक परिचारिका पूर्ण एक मिनिट हृदयाचे ठोके मोजते. ते साठांहून कमी भरल्यास औषध थांबवून वरिष्ठांस कळविते. तिचे हे वर्तन अचूक आहे. आता ठोके चौसष्ट आहेत असे समजू. नियमानुसार औषध देता येते. परंतु रुग्णास सकाळपासून मळमळ आहे, अन्नावर वासना नाही, दिव्याभोवती पिवळसर वलय दिसते असे तो म्हणतो आणि गेले काही दिवस त्यास फ्यूरोसेमाइड हे मूत्रल औषध चालू आहे. मूत्रल औषधामुळे पोटॅशियम शरीराबाहेर जाते, रक्तात ते कमी झाले की डिजॉक्सिनाची विषबाधा लवकर होते आणि मळमळ व पिवळे दिसणे ही तिचीच लक्षणे आहेत. ही साखळी जिच्या ध्यानात येते, ती ठोके चौसष्ट असूनही औषध राखून ठेवते, पोटॅशियमाची व औषधाच्या रक्तातील पातळीची तपासणी झाली आहे का ते पाहते आणि वैद्यास कारणांसह कळविते. नियम पाळणे व नियमामागील कारण जाणून निर्णय घेणे यांतील हे अंतर पार करविणे, हेच सेतु-अभ्यासक्रमाचे मुख्य कार्य होय.

दुसरे नवे क्षेत्र कामांच्या सोपवणुकीचे आहे. योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य व्यक्ती, योग्य सूचना आणि योग्य देखरेख असे सोपवणुकीचे पाच निकष शिकवितात. कालपर्यंत जिच्यावर काम सोपविले जात होते, तिला आता ते इतरांवर सोपवावे लागते. ज्यांच्या बरोबरीने ती काम करीत होती, त्यांच्यावरच देखरेख ठेवण्याचा संकोचही तिला ओलांडावा लागतो. काम सोपविले तरी त्याच्या परिणामांची जबाबदारी आपल्यावरच राहते, हे तत्त्व तिच्या मनावर ठसविले जाते.

परवाना परीक्षा : अभ्यासक्रमानंतर ‘एनक्लेक्स-आरएन’ ही परीक्षा द्यावी लागते. परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेमार्फत घेतली जाणारी ही परीक्षा १९९४ पासून संगणकावर होते. प्रत्येक उत्तरानंतर उमेदवाराच्या क्षमतेचा अंदाज घेऊन संगणक पुढील प्रश्न निवडतो. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या स्वरूपात किमान ८५ व कमाल १५० प्रश्न असून वेळ पाच तासांचा असतो. उलगडत जाणाऱ्या रुग्णवृत्तांतावर आधारित प्रश्नसंच हे या नव्या स्वरूपाचे वैशिष्ट्य होय. चार रुग्णांपैकी प्रथम कोणाकडे जावे, कोणते काम साहाय्यिकेवर सोपवू नये, अशा प्रश्नांवर व्यावहारिक परिचारिका विशेषतः अडखळतात. कारण रोजच्या कामात असे निर्णय त्यांच्यासाठी दुसरे कोणी घेत असते.

परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजेच शिक्षण झाले, असे मात्र मानता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये संघराज्य सरकारने फ्लॉरिडा राज्यातील काही परिचर्याशाळांतून ७,६०० हून अधिक बनावट पदविका विकल्या गेल्याचे प्रकरण उघडकीस आणले. व्यावहारिक व नोंदणीकृत या दोन्ही परवान्यांसाठी त्या विकत घेण्यात आल्या होत्या. खरेदीदारांपैकी सुमारे २,४०० जण परवाना परीक्षा उत्तीर्णही झाले होते. लेखी परीक्षेत ज्ञान तपासता येते. पण रुग्णाच्या खाटेजवळ निरीक्षकांच्या नजरेखाली घालविलेल्या तासांची भरपाई तिने होत नाही. अभ्यासक्रमास राज्याच्या परिचर्या मंडळाची मान्यता आहे की नाही व संस्था अधिस्वीकृत आहे की नाही हे प्रवेशापूर्वीच पाहणे किती आवश्यक आहे, हेही या प्रकरणावरून स्पष्ट होते.

अडचणी : सेतु-अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनी बहुधा प्रौढ, नोकरी करणाऱ्या व कुटुंबाचा भार वाहणाऱ्या असतात. रात्रपाळी करून सकाळी रुग्णालयातील शिकाऊ कामावर हजर होणे हा अनेकींचा नित्यक्रम असतो. रुग्णालयातील तास पाळीशी जुळत नसल्यास त्यांना नोकरीचे तास, पर्यायाने वेतन, कमी करून घ्यावे लागते. विज्ञानविषय ठराविक वर्षांपूर्वी पूर्ण केलेले असल्यास ते कालबाह्य ठरवून पुन्हा करावयास लावणारी महाविद्यालये आहेत. हळूहळू, सत्रामागे एक विषय घेणाऱ्या विद्यार्थिनीस हा नियम विशेष जाचक होतो. अध्यापकांची कमतरता व शिकाऊ कामासाठी रुग्णालयांतील अपुऱ्या जागा यांमुळे सामुदायिक महाविद्यालयांत प्रतीक्षायाद्या असतात. ज्यांना थांबणे शक्य नसते, त्या महागड्या खाजगी संस्थांकडे वळतात व कर्जबाजारी होतात. सायंकालीन वा शनिवार-रविवारचे वर्ग, दूरशिक्षणाने सैद्धांतिक विषय आणि नोकरी देणाऱ्या संस्थेकडून शुल्काची परतफेड हे यावरील काही उपाय आहेत.

मार्गांतील भेद : बहुतेक विद्यार्थिनी सहयोगी पदवीचा मार्ग पत्करतात, काही थेट स्नातक पदवीकडे जातात. कॅलिफोर्नियात ‘तीस श्रेयांकांचा पर्याय’ आहे. व्होकेशनल नर्सला अधिकाधिक तीस सत्र-श्रेयांक पूर्ण करून पदवीविना परीक्षेस बसता येते. हा मार्ग सर्वांत आखूड होय. परंतु असा परवाना सर्व राज्यांत मान्य होत नाही आणि पुढील शिक्षणास पदवीचा आधारही राहत नाही. याउलट किमान पात्रता उंचावण्याचा प्रवाहही दीर्घकाळ चालू आहे. व्यावसायिक परिचर्येस स्नातक पदवी आवश्यक मानावी, अशी भूमिका अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९६५ मध्ये घेतली. नॉर्थ डकोटा राज्याने १९८७ मध्ये तसा नियम केला. पण २००३ मध्ये तो रद्द झाला. न्यूयॉर्क राज्याच्या २०१७ च्या कायद्याने मधला मार्ग काढला. त्यानुसार नव्या नोंदणीकृत परिचारिकांनी परवान्यानंतर दहा वर्षांत स्नातक पदवी मिळवावयाची आहे. अशा व्यवस्थेत सेतु-अभ्यासक्रम हा शिडीचा शेवट न राहता मधली पायरी ठरतो.

भारतातील स्थिती : भारतात याचा तंतोतंत प्रतिरूप नाही. सहायक परिचारिका प्रसाविका हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुख्यतः ग्रामीण आरोग्यसेवेसाठी आहे. तो पूर्ण करून नोंदणी झालेल्या परिचारिकेस ‘जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी’ या तीन वर्षांच्या पदविका-अभ्यासक्रमास प्रवेश घेता येतो. पदविकाधारकांसाठी दोन वर्षांचा ‘पोस्ट बेसिक’ स्नातक अभ्यासक्रम असून भारतातील खरा सेतू तो होय. मात्र तो आधीच नोंदणीकृत असलेल्या परिचारिकेस पदवीपर्यंत नेतो. खालच्या श्रेणीतील परिचारिकेचा अनुभव श्रेयांकांत मोजण्याचे तत्त्व त्यात नाही. उपकेंद्रात वर्षानुवर्षे लसीकरण, प्रसूती व गृहभेटी सांभाळणाऱ्या परिचारिकेच्या ज्ञानाचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रश्न महाराष्ट्रासारख्या राज्यातही महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील अनुभवावरून त्यासंबंधी दोन गोष्टी निष्पन्न होतात : अनुभवास अजिबात न मोजणे हे अन्यायाचे व अपव्ययाचे ठरते, आणि तपासून न पाहता त्याची पूर्ण किंमत धरणे हे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.